पाटावरचे तीन पितर

पिंगळीच्या आश्रुबाला जेवायला वाढलं की कडूबाई आधी दाराला कडी लावायची. भर दुपारी नवरा-बायको कडी लावून जेवतात, ही गोष्ट गल्लीत लपून राहणं शक्यच नव्हतं. श्रावणात शेजारच्या बायनाबाईने निदान केलं, की आत मटण शिजतंय. ती दोन दिवस भिंतीला नाक लावून बसली. वास काही येईना, तेव्हा तर तिचा संशय पक्काच झाला, कारण वाससुद्धा येऊ देत नाहीत म्हणजे काय!

खरी गोष्ट साधी होती. फाल्गुनात आश्रुबाचा उजवा हात परभणीच्या जिनिंग मिलमध्ये यंत्राच्या पट्ट्यात सापडला. हात वाचला, पण प्लास्टर काढलं तेव्हा दोन बोटं कायमची आखडलेली होती आणि कोपर वाकायला तयार नव्हता. हात पुढे जायचा, वर जायचा, बाजूला जायचा. फक्त धन्याच्या तोंडाकडे यायचा नाही. डावा हात धडधाकट होता, पण डाव्या हाताने का कुठे जेवतात? लहानपणी एकदा त्याने तसा घास उचलला, तेव्हा आईने गरम उलथनं दाखवलं होतं. आता मोठेपणी, कोणी नसताना, त्याने पुन्हा एकदा प्रयत्न करून पाहिला. घास तोंडात गेला, पण घशाखाली उतरेना. आई वारून इतकी वर्षं झाली होती, तरी उलथनं डोळ्यांपुढे होतंच.

म्हणून कडूबाई त्याला भरवायची. बायकोच्या हातून जेवणारा गडी गावाने पाहिला असता तर जत्रेपर्यंत विषय पुरला असता, म्हणून कडी. पण त्या कडीआड एक वेगळीच गंमत झाली होती. लग्नापासून आश्रुबा मिलच्या पाळ्या करायचा, भाकरी फडक्यात बांधून न्यायचा. तो जेवतो कसा हे कडूबाईने कधी निवांत पाहिलंच नव्हतं. आता तिला कळलं, की याला आधी मिरचीचा ठेचा लागतो, गवार आवडत नाही आणि तो इतकी वर्षं गवार निमूटपणे खात आलाय.

"मंग सांगायचं न्हाई का?"

"तू कदी इचारलंस?"

असं चाललं होतं. दोघंही हाताला दोष द्यायची आणि दोघांनाही जेवणाची वेळ लवकर व्हावीशी वाटायची.

अडचण होती ती जेवणानंतरची. आश्रुबाला तीन ठिकाणांहून काही मिळायला हवं होतं: अपघाताची भरपाई कामगार कचेरीतून, आजारपणाचा पगार मिलकडून आणि अपंगत्वाचा दाखला डॉक्टरांकडून, म्हणजे मग मिलच्या गेटवर बसायचं हलकं काम. तिन्ही गोष्टी हक्काच्या होत्या. पण भरपाईचे साहेब राधाकिशन म्हणायचे, "हात कायमचा गेला असं डॉक्टरांकडून लिहून आणा." डॉक्टर रंगनाथ म्हणायचे, "उपचार चालू आहेत तोवर कायमचा कसा लिहू?" मिलचे मॅनेजर बन्सीधर म्हणायचे, "उपचार चालू आहेत म्हणजे तू आजारी. आजारी माणसाला गेटवर कसा बसवू?" आणि आजारपणाचा पगार मागितला की तेच म्हणायचे, "तो भरपाईत धरतात. राधाकिशन साहेबांना भेट." आश्रुबा सगळीकडे जाऊन हात दाखवायचा आणि सगळीकडून अवलक्षण घेऊन परत यायचा.

दसऱ्याला मिलचा हंगाम सुरू होणार होता. तोवर काही झालं नाही तर कडूबाई ऊसतोडीला जाणार, हे ठरलं होतं. तिच्या भावाची, चंद्रभानची बायको बाळंतीण होती, त्यामुळे त्याचा कोयता अर्धा राहिला होता. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. भावाबरोबर बहीण गेली तर कोयता पुरा होणार होता. मग सहा महिने आश्रुबा पिंगळीत आणि कडूबाई कुठल्यातरी कारखान्याच्या फडात. त्याला कोण भरवणार, हा प्रश्न दोघांनीही काढला नव्हता. तो काढला असता तर तिचा पाय निघाला नसता.

"जा तू," आश्रुबा म्हणायचा. "माजं काय, मी घेतो निभावून."

"व्हय, निभावताल की," कडूबाई म्हणायची आणि त्याच्या मिशीला लागलेलं वरण पदराने पुसायची.

शेवटी युनियनच्या सितारामने मनावर घेतलं. त्याने निदान केलं, की तिघेही साहेब वाईट नाहीत, ते फक्त कधी एका जागी बसत नाहीत. येत्या अमावास्येला विद्यापीठाच्या नामांतरासाठी परभणी बंद होती. कचेरीत चिटपाखरू येणार नव्हतं. सितारामने तिघांनाही गाठून पटवलं, की त्या दिवशी रेल्वेने पिंगळीला जाऊ, जागेवर पाहणी करू, तिन्ही कामं एकत्र उरकू. तिघंही कसेबसे तयार झाले. त्यानंतर सिताराम दोन दिवस मोर्च्यात घोषणा देत फिरला आणि त्याचा आवाज पार बसला. तोंडातून नुसती हवा निघू लागली.

अमावास्येच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला तो निरोप द्यायला आला तेव्हा आश्रुबा घरी नव्हता आणि कडूबाई भलत्याच घोरात होती. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री. सासरा, आजेसासरा आणि पणजेसासरा अशा तिघांच्या नावाने तीन माणसं पाटावर बसवून जेवू घालायची असतात. पण त्या दिवशी अख्ख्या गावात हीच धांदल. एकेक माणूस तीन-तीन घरी पितर व्हायला बांधलेला. कडूबाईला पितर मिळेना.

"भाऊ, कुटूनबी तीन मान्सं आनून द्या," ती सितारामला म्हणाली. "न्हाईतर माझे पित्तर उपाशी ऱ्हात्याल."

सितारामने जोरजोरात मान हलवली आणि तीन बोटं दाखवली. मग डोळ्यांभोवती बोटांनी चष्मा रेखून दाखवला, म्हणजे डॉक्टर. मिशी पिळून दाखवली, म्हणजे राधाकिशन साहेब. आणि मॅनेजर म्हणून पोटावरून हात फिरवला.

"पोटभर जेवतील? जेवू द्या की!" कडूबाईचा जीव भांड्यात पडला. "देवावानी धावलात बगा."

सितारामही खूश झाला. निरोप पोचला आणि वर जेवणाचंही झालं, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आश्रुबा ओढ्यावर आंघोळीला गेला असताना सितारामने तीन माणसं दारात आणून उभी केली आणि तो चुना मागायला कोपऱ्यावर गेला. कडूबाईने आयुष्यात कधी साहेब पाहिला नव्हता. तिने डोईवरचा पदर नीट केला आणि तांब्या घेऊन तिघांचे पाय धुवायला वाकली.

"अहो बाई, हे काय!" राधाकिशन साहेब दोन पावलं मागे सरकले. ते करडे गृहस्थ होते. "मी कामगाराच्या घरचं पाणीसुद्धा घेत नाही. नियम आहे."

"आज न्हाई म्हनायचं नसतंय," कडूबाई म्हणाली आणि तिने पाय धुतलेसुद्धा.

"खेड्यातली रीत आहे, साहेब," मॅनेजर बन्सीधर पुढे झाले. त्यांना वड्यांचा वास आला होता, आणि परभणी बंद म्हणजे सकाळपासून चहासुद्धा मिळाला नव्हता. "मन मोडू नये."

कपाळाला गंध लागलं. पाट मांडलेलेच होते. सगळ्यात वयस्क दिसणाऱ्या बन्सीधरजींना कडूबाईने पहिल्या पाटावर बसवलं, राधाकिशन साहेबांना मधल्या आणि चष्मेवाल्या डॉक्टरांना शेवटच्या. डॉक्टर आश्रुबापेक्षा चांगले पंधरा वर्षांनी लहान होते. तरीही त्यांना वाढताना कडूबाई अधिकच अदबीने वाकत होती आणि पदर पुढे ओढत होती. समोर खीर, उडदाचे वडे, कढी, भोपळा, गवार असं पान वाढून झालं.

तेवढ्यात ओल्या धोतराने आश्रुबा दारात आला. त्याचा सरळ हात आधी आत आला आणि मागून तो. समोर पाहतो तर ज्यांच्या दारात तो सहा महिने उभा राहिला, ते तिघं गंध लावून त्याच्या घरात मांडी घालून बसलेले. त्याला घेरीच यायची राहिली. त्याने कडूबाईला चुलीपाशी बोलावलं.

"आगं, हे काय करून ठिवलंस! हे साहेब हायत!"

"कोन्चे साहेब?"

"तिन्ही! भरपाई, मॅनेजर आन् डाक्टर!"

कडूबाईने पदराआडून पाटांकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

"आता साहेब न्हाईत ते. पाय धुतलेत, गंध लावलंय. आता ते पित्तर हायत."

"उठवू का?"

"पानावरून पित्तर उठवतेत का? सात पिढ्या शिव्या देत्याल!"

तेव्हा आश्रुबाला पुढे होऊन खरं काय ते सांगणं भाग पडलं. तो एवढा अडखळला, की आधी तिघांना काही उमगेना. मग उमगलं, आणि डॉक्टरांनी चष्मा काढला.

"म्हणजे मी..."

"आमचे वडील. सटवाजी. माफी असावी साहेब."

"ते कुठे असतात?"

"वारले."

"डॉक्टर, तुम्ही तर नुसते बाप," बन्सीधरजी म्हणाले. ते हसून हलत होते. "हे साहेब आजोबा. मी पणजोबा! काय रे आश्रुबा, माझं नाव तरी काय?"

"ते कुनालाच ठावं न्हाई साहेब. पन लय तापट व्हता म्हनतेत तुमी."

डॉक्टर आणि राधाकिशन साहेब एकदम खाली पाहून खीर निरखू लागले. मिलमध्ये बन्सीधरजींचा आवाज यंत्राच्या वर जायचा, हे परभणीत सगळ्यांना माहीत होतं.

"बरं, आता जेवू तरी," पणजोबा म्हणाले आणि त्यांनी वड्याला हात घातला.

"थांबा!" कडूबाई किंचाळली. "आजून कावळा शिवला न्हाई."

घास पत्र्यावर ठेवलेला होता. तो कावळ्याने उचलल्याशिवाय पितरांनी जेवायचं नाही, आणि पितर जेवल्याशिवाय घरच्यांनी नाही. पण त्या दिवशी पिंगळीच्या प्रत्येक पत्र्यावर खीर-वडे होते. गावातले कावळे सकाळपासून खाऊन खाऊन लिंबावर डोळे मिटून बसले होते. आश्रुबाने "काव काव" करून पाहिलं. एका कावळ्याने एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

वेळ काढायचा म्हणून डॉक्टरांनी आश्रुबाला जवळ बोलावून हात तपासला. बोटं पाहिली, कोपर दाबला. "डाव्या हाताने जेवता येतं ना? मग तेवढं अपंगत्व कमी धरावं लागेल."

कडूबाईच्या हातातली पळी थांबली.

"डाव्या हातानं कोन जेवतंय साहेब?" आश्रुबा हळूच म्हणाला.

"मग जेवता कसे?" राधाकिशन साहेबांनी विचारलं.

आश्रुबाने मान खाली घातली. सासऱ्या-आजेसासऱ्यांसमोर नवऱ्याला भरवते म्हणून सांगायचं कसं, म्हणून कडूबाईने तोंड पूर्ण झाकून घेतलं. कुंपणावरून पाहणाऱ्या बायनाबाईला मात्र त्या पदराकडे बघून एकाएकी सगळं कळलं. मटणाचा संशय घेतला म्हणून तिला इतकं वाईट वाटलं, की ती न विचारताच बोलली, "ती भरवती त्याला. कडी लावून."

वडे थंड होत होते. परतीची गाडी जवळ येत होती.

"अरे, मग कावळ्याला काही सांगा तरी!" बन्सीधरजी कळवळून म्हणाले. "पितरांचा जीव कशाततरी अडकला की शिवत नाही तो. आमचा जीव कशात अडकलाय ते बोला, म्हणजे आम्ही सुटतो!"

आश्रुबा वड्याचा घास ताठ हातावर घेऊन अंगणात गेला आणि त्याने तो पत्र्याच्या कडेशी धरला. "पुढल्या साली दोन खिरी करतो," तो म्हणाला. कावळा हलेना. "दोन खिरी आन् जिलबी." लिंबावर सामसूम.

तेव्हा कडूबाई पुढे आली. ती नवऱ्याकडे पाहत नव्हती, लिंबाकडेही पाहत नव्हती. ती शेवटच्या पाटासमोर, चष्मेवाल्या सासऱ्यासमोर उभी राहिली.

"मामंजी," ती म्हणाली, "जाताना तुमी ह्यांचा हात माज्या हातात दिलता. ह्योच हात. म्हनलाव, पोरगं भोळं हाय, सोडू नको. आन् मी त्यो हात असा झाल्यावर सोडून चालले व्हते. टरक आला की बसनार व्हते." तिने पदर आणखी पुढे ओढला. "न्हाई जात. टोळी जाऊ द्या, भाऊ रुसू द्या. काय मिळायचं ते मिळंल, न्हाई मिळायचं ते न्हाई मिळंल. मी ह्यांला उपाशी ठिवून कुटं जात न्हाई."

लिंबावरून एक कावळा सरळ खाली आला आणि आश्रुबाच्या हातावरचा वडा घेऊन उडाला. दुसरा कोणी असता तर त्याने दचकून हात मागे घेतला असता. आश्रुबाचा हात वाकलाच नाही, तो सगळाच गर्रकन हातासकट फिरला आणि तुळशीवृंदावनाला धरून उभा राहिला.

"शिवला! शिवला!" बायनाबाई ओरडली. कोपऱ्यावरून आलेला सितारामही ओरडला, पण ते कोणाला ऐकू आलं नाही.

डॉक्टरांनी अजून एक घासही खाल्ला नव्हता, तरी त्यांना ठसका लागला. बन्सीधरजींनी पहिला वडा तोंडात घातला आणि ते डोळे पुसू लागले. ठेचा तिखट आहे असं ते म्हणाले, पण ठेचा त्यांना अजून वाढलेलाच नव्हता.

जेवणं झाली. राधाकिशन साहेबांनी सवयीने कागद काढला आणि सवयीनेच म्हणाले, "तर, आधी डॉक्टरांचा दाखला—" आणि थांबले. डॉक्टर त्यांच्या मांडीला मांडी लावून खीर संपवत होते.

"बोटांचं मी कायमचं लिहून देतो," डॉक्टर म्हणाले. "कोपराचे उपचार चालू राहतील. पण ते मॅनेजरसाहेबांनी—"

मॅनेजरसाहेब पलीकडच्याच पाटावर होते. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सहा महिने ज्या दारांवरून आश्रुबाला टोलवत होते, ती तिन्ही दारं एका रांगेत मांडी घालून बसली होती. आता याला पाठवायचं तरी कुठे?

"दसऱ्यापासून गेटवर ये," बन्सीधरजी म्हणाले. "मधल्या दिवसांचा पगार मी बघतो. आणि परत विचारायला येऊ नको, पणजोबा तापट आहेत."

सह्या झाल्या. गाडीची वेळ झाली तरी डॉक्टर उठेनात. त्यांचं लक्ष कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या ताटाकडे होतं. "पितर जेवले," ते म्हणाले, "आता घरच्यांनी जेवायचं ना? याला भूक लागली असेल."

आश्रुबा पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला. कडूबाई ताट घेऊन उभी राहिली, पण सासऱ्यांसमोर तिचा हात पुढे होईना. हे लक्षात आलं तसे डॉक्टर मोठ्यांदा खाकरले आणि पाटावरच वळून भिंतीकडे तोंड करून बसले. मग आजोबा वळले. शेवटी पोट सावरत पणजोबा वळले. तिघं साहेब पोपडे आलेल्या भिंतीकडे एकटक पाहत राहिले आणि त्यांच्या पाठीमागे कितीतरी वेळ कोणी कोणाशी बोललं नाही. फक्त एकदा आश्रुबा पुटपुटला, "गवार नगं."

पुढच्या सर्वपित्रीला कडूबाईला पितर शोधावे लागले नाहीत. एकदा बसलेला पितर बदलत नाहीत, असं तिने सितारामकरवी कळवलं होतं, आणि साहेबांना ते पटलं असावं. राधाकिशन साहेबांची बदली झाली होती, म्हणून आजोबांच्या पाटावर सिताराम बसला. बाकी दोघं आपणहून आले.

वर्षभरात कडूबाईने रोज तिळाचं तेल लावून कोपर चोळला होता. बोटं काही सुधारली नव्हती, आश्रुबा गेटवरच होता आणि गेटवरच राहणार होता. पण डॉक्टरांनी त्याचा हात हातात घेतला तेव्हा ते चपापले. कोपर वाकत होता. त्यांनी हळूहळू हात वर नेला, हनुवटीपर्यंत, मिशीपर्यंत. आश्रुबाने घाबरून तोंड मागे घेतलं.

"छान वाकतोय की! मग आता आपल्या हाताने जेवत असाल?"

आश्रुबाने कडूबाईकडे पाहिलं. कडूबाईने चुलीतल्या जाळाकडे पाहिलं.

"न्हाई साहेब," तो म्हणाला. "आजून चार बोटं कमी पडतंय."

डॉक्टरांनी एकदा त्याच्या मिशीला टेकलेल्या त्याच्याच बोटांकडे पाहिलं. मग ते खाकरले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.